टाकीच्या तोंडावरचं फडकं

घरमोटारीतून केलेल्या प्रवासाबद्दल मी वर्षभर पुष्कळ बोललो आहे. शाळेत शिक्षकांच्या खोलीत बोललो, लग्नाच्या पंगतीत बोललो. चित्रकलेचा मास्तर असल्यामुळं फळ्यावर खडूनं मोटार काढून दाखवली. तुळजापूरचा घाट, नळदुर्गचा किल्ला, मुरुमची शेंगाचटणी, सगळं चवीनं सांगितलं. एवढं सगळं सांगताना एक गोष्ट मात्र गाळत आलो. ती गाळली की हा प्रवास फार मजेचा वाटतो. खरं म्हणजे त्यातले निम्मे दिवस आणि नंतरचं सगळं वर्ष मी भीतीत काढलं. माझ्या हातानं भरलेलं पाणी मी तीन माणसांना पाजलं होतं. त्याचं पुढं काय होतंय हे कळायला वर्ष लागणार होतं आणि ते मला एकट्यालाच ठाऊक होतं.

आता गाळून सांगायची सोय उरलेली नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

सोलापूर

माझा मेहुणा वसंता याचं सोलापुरात मोटारदुरुस्तीचं दुकान आहे. लष्करी लिलावातला एक जुना ट्रक त्यानं घेतला आणि वर्षभर खपून त्याचं घर केलं. दोन्ही बाजूंना घडीच्या फळ्या, मागं स्टोव्हचा कट्टा, खिडक्यांना जाळी. खाली चाकांच्या मधे पत्र्याची पाण्याची टाकी. टाकीचे सांधे त्यानं स्वतः झाळले होते आणि त्याचा त्याला भारी अभिमान.

"विहीर दिसली की नळी सोडायची, पंप मारायचा, टाकी भरायची. दाजी, कुणाच्या दारात तांब्या घेऊन उभं राहायला नको."

रबरी नळ्या दोन होत्या. एक गाडी धुवायची, एक पिण्याच्या पाण्याची. पिण्याच्या नळीला त्यानं पांढऱ्या रंगाचे पट्टे मारले होते. ती जमिनीवर टेकवायची नाही, गुंडाळून वरच्या खुंटीला टांगायची, दोन्ही तोंडांना लाकडी बूच. दुसरी नळी चुकून टाकीपाशी दिसली तरी तो ओरडायचा. पहिल्या दिवशी पाण्याला रबराचा वास आला म्हणून त्यानं टाकी दोनदा रिकामी करून भरली.

त्याच्या बायकोला, शालनला, नळीचं एवढं कौतुक नव्हतं. तिचं माहेर नळदुर्गच्या अलीकडचं. तिनं जुन्या धोतराचं फडकं दुहेरी करून टाकीच्या तोंडावर ठेवलं, नळीचं टोक त्यावर धरलं आणि भोवती सुतळीनं गाठ मारली.

"नळीला पट्टे मारा न्हाईतर हळदकुंकू लावा, पाणी गाळल्याबिगर टाकीत जायचं न्हाय," ती म्हणाली.

आमच्या सांगलीत नदी आहे. घाटावर बसून ओंजळीनं पाणी प्यालेला माणूस मी. गाळणं म्हणजे चहाचं, एवढीच माझी समजूत. मला गंमत वाटली.

मग कामं वाटली. वसंता गाडी चालवणार. स्वयंपाक माझी बायको कमल आणि शालन बघणार. मला गाडीतलं काही कळत नाही आणि चुलीतलंही नाही. वसंता म्हणाला, "दाजींकडं पाणी. पंपाचा दांडा मारायला डोकं लागत नाही." सगळे हसले. मीही हसलो. मनाला ते लागलं होतं, हे आज लिहायला हरकत नाही.

तुळजापूर

निझामाची हद्द जाऊन बरीच वर्षं झाली, मराठवाडा आता महाराष्ट्रात आला, तरी सोलापूर सोडल्यावर रस्त्याच्या कडेला उर्दू आकड्यांचे मैलाचे दगड अजून उभे होते. घाट चढताना रेडिएटर उकळला. वसंतानं खाली उतरून थेट आमच्या टाकीची तोटी सोडली आणि पिण्याचं पाणी इंजिनाला पाजलं.

देवळाबाहेर मोटार उभी केली तर भोवती ही गर्दी. एक म्हातारी पायरीवर चढून आत डोकावली. स्टोव्ह बघितला, फळ्या बघितल्या, टांगलेली नळी बघितली.

"ह्यातच ऱ्हाताव व्हय?"

"हो आजी."

"गावात घर न्हाय का तुमाला?"

"आहे की."

"मग भांडून आलाव?"

कमलला हसू आवरेना. दर्शनाला पायऱ्या उतरताना मात्र तिनं मला बाजूला घेतलं. शालनला दिवस गेले होते. आधी दोनदा फुकट गेलेलं. म्हणून तर वसंता तिला देवीला आणायची घाई करत होता. शालननं अजून सासूलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"तिला सारखी तहान लागते," कमल म्हणाली. "पाणी कमी पडू देऊ नका. एवढंच काम आहे तुमच्याकडं."

नळदुर्गच्या पुढं

किल्ल्याबद्दल मी इतरत्र इतकं बोललोय की इथं सोडून देतो. नळदुर्ग मागं पडलं आणि काळ्या रानातून गाडी पूर्वेला निघाली. चैत्र संपत आलेला. ज्वारी निघालेली, रानं मोकळी, भेगा पडलेली. डोळ्याला अडथळा म्हणून कुठं एखादी बाभळ. शालननं तांब्या पुढं केला तेव्हा तोटीतून हवाच आली. उरलेलं पाणी वसंतानं सकाळी पुन्हा रेडिएटरला घातलं होतं.

रस्त्यालगत एका गावाबाहेर बारव दिसली. आमच्याकडं विहीर म्हणजे रहाट आणि दोर. घागर खाली जाते, माणूस वर राहतो. इथं माणूसच खाली जातो. दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. बायका पायऱ्यांवरून जायच्या, गुडघाभर पाण्यात उभ्या राहायच्या, घागर बुडवायच्या आणि पदराचं टोक तोंडावर धरून भरायच्या. उन्हाळ्यामुळं पाणी अगदी तळाला गेलं होतं, हिरवट आणि संथ. शेवटच्या पायरीवर एक माणूस पाण्यात पाय सोडून बसला होता. एका पायाच्या पोटरीला चिंधी गुंडाळलेली. त्याचे डोळे मिटलेले होते. चेहऱ्यावर असं सुख होतं की वही असती तर चित्र काढलं असतं, असं माझ्या मनात आलं.

मोटारीच्या स्प्रिंगचा पाटा निखळला होता म्हणून वसंता गाडीखाली शिरला. शालननं फडकं बांधून दिलं, गाठ ओढून बघितली आणि ती कमलबरोबर झाडाखाली भाकरी करायला गेली. मी पांढऱ्या पट्ट्यांची नळी खाली सोडली आणि पंप मारायला लागलो.

थोडा वेळ बरं चाललं. मग फडक्यावर गाळ बसला आणि पाणी तुंबलं. ते फुगायचं, बाजूनं उडायचं, माझ्या सदऱ्यावर यायचं. दांडा जड झाला. वर चढणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या.

"अगं बाप्या माणूस पाणी भरतोय बघ!"

"भरतोय कुटं? आंगूळ करतोय."

"मास्तर दिसतोय. पोरं न्हाईत आज मारायला, म्हनून दांड्याला मारतोय."

त्या पोट धरून हसत होत्या. गाडीखालून वसंताचा आवाज आला, "दाजी, झालं का? का मी येऊ?"

मी फडकं धुऊन परत बांधायला हवं होतं. शालननं तसं सांगितलंही होतं. पण नळीच्या खालच्या टोकाला पत्र्याची जाळी आहेच, असं मी मनाशी म्हणालो. ती जाळी काटक्या आणि बेडकं अडवायची. मी गाठ सोडली, फडकं बाजूला टाकलं आणि नळी उघडीच टाकीत घातली. पाणी धो धो पडू लागलं. टाकी बघता बघता भरली.

नंतर जे केलं ते जास्त वाईट. ते ओलं फडकं मी उचललं, टाकीच्या तोंडावर नीट पसरलं आणि होती तशी गाठ मारली. शालन आली. तिनं फडक्याला हात लावून बघितला, ओलं आहे ना. मग तांब्या तोटीखाली धरला आणि उभ्या उभ्या सगळा प्याली.

"दाजी, मला वाटलं होतं तुम्ही कंटाळा कराल," ती म्हणाली.

"छे," मी म्हणालो.

मुरुम

मुरुमला वसंताच्या ओळखीचे शेंगांचे व्यापारी, शिवलिंगप्पा, यांच्याकडं जेवण होतं. गाव बाजाराचं. मराठी आणि कानडी एकाच वाक्यात ऐकू येतं. भिंतीला टेकवलेली पोती, ओसरीवर वाळत घातलेली कुरडई. जेवायला ज्वारीची पातळ भाकरी, काळ्या मसाल्याची आमटी, शेंगाचटणी आणि त्यावर धार धरलेलं तेल. मी तिसरी भाकरी घेत होतो तेव्हा आतल्या खोलीतून कण्हल्याचा आवाज आला.

"थोरला भाऊ हाय," शिवलिंगप्पा म्हणाले. "नारू झालाय. चला, भेटून घ्या. पडून पडून वैतागलाय."

बाजेवर माणूस होता. पोटरी सुजून लाल. फोड फुटलेल्या जागेतून पांढरा दोरा बाहेर आलेला आणि तो आगकाडीला गुंडाळलेला. दोरा म्हणजे जंत. जिवंत. ती चिंधी, तो बारवेतला माणूस, पाण्यात सोडलेला पाय, सगळं एकदम डोळ्यासमोर आलं.

"पाण्यात पाय घातला की कसं थंड वाटतं बगा," बाजेवरचा माणूस म्हणाला. "पण घरचे घालू देत न्हाईत."

त्यांची म्हातारी आई उशाशी बसून वारा घालत होती. ती म्हणाली, "घालू कसा दिऊ? ह्याचा पाय पाण्यात गेला की त्येची पिल्लं पाण्यात. मग गावानं पियाचं. असंच कुनीतरी बारवेत पाय सोडून बसलं आसंल, त्येचंच पाणी ह्यो पेलाय. रानात गेल्ता. तहान लागली, वंजळीनं पेला."

"कधी?" मी विचारलं.

"गेल्या उन्हाळ्यात. वर्सानं निगतंय ते. आज पेलं की पुढल्या वर्सी. तवर काय बी कळत न्हाय, मानूस हासतंय, जेवतंय." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "तुमी कुटनं भरलाव पाणी?"

शालन दारात उभी होती. तिनं मोकळेपणानं सांगितलं, "वाटंवरच्या बारवेचं हाय अव्वा. पण दुहेरी फडक्यानं गाळून घेतलंय."

"मग भ्या न्हाय," म्हातारी म्हणाली.

सगळ्यांनी मान हलवली. मीसुद्धा हलवली.

परतीच्या रस्त्यावर

मुरुम सुटल्यावर दोन कोसांवर शालननं पाणी मागितलं. टाकी अर्धी भरलेली होती. वसंतानं गाडी थांबवली, मी खाली उतरलो. तांब्या भरायचं काम माझं. तोटी सोडली, पाणी तांब्यात पडलं, काचेसारखं स्वच्छ. मी ते उन्हाकडं धरून बघितलं. काही दिसलं नाही. दोन-तीन बारीक ठिपके हलल्यासारखे वाटले; भीतीनंही वाटले असतील.

त्या वेळी मी तोंड उघडलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. तांब्या ओतून द्यायचा आणि एक वाक्य बोलायचं. पण त्या वाक्यात फडकं सोडल्याचं आलं असतं आणि परत बांधल्याचंही. मला तिसरीच युक्ती सुचली.

"चहा करू या," मी म्हणालो.

"आत्ता? ह्या उन्हात?" कमल म्हणाली.

"तहान चहानंच भागते. उकळलेलं पाणी अंगाला बाधत नाही."

"मला चहा नको, पाणी हवंय," शालन म्हणाली आणि माझ्या हातातून तांब्या घेतला. तिच्या गळ्याची हालचाल मी बघत राहिलो.

मग मी चहाचा धोशाच लावला. गाडी थांबली की चहा. तुळजापूरच्या वाटेवर चहा, झाडाखाली चहा. साखर संपली, दूध नासलं, तरी मी कोरा चहा करायला लावायचो. वसंता म्हणाला, "दाजींना इराण्याच्या हॉटेलात ठेवून येऊ." तेवढ्यानं मला हुरूप यायचा. मग शालन चहा पिऊन झाल्यावर वरून तांब्याभर पाणी प्यायची.

धाराशिव

सरकारी पाट्यांवर उस्मानाबाद, पण एस.टी.च्या थांब्यावर कंडक्टर "धाराशिव, धाराशिव" ओरडतो. बायका भाजी घ्यायला गेल्या. मी रंग आणायला म्हणून निघालो आणि कोर्टाच्या रस्त्याला एका डॉक्टरांची पाटी बघून आत शिरलो.

मी म्हणालो, "माझ्या एका मित्रानं बारवेचं पाणी न गाळता प्यायलं आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं. मित्र कोण हे त्यांना कळलं असावं.

"पोटात गेलं ते गेलं. त्याला औषध नाही," ते म्हणाले. "होईलच असंही नाही. चौघं प्याले तर एखाद्याला होतो, एखाद वेळी कुणालाच नाही. राहिलेलं पाणी टाकून द्या म्हणावं. आणि बरोबर प्यालेल्या सगळ्यांना सांगून ठेवा."

"सांगून काय उपयोग? औषध तर नाही म्हणता."

"फोड आला तर ओळखता येईल. घाईनं ओढून तोडणार नाहीत. आत तुटला तर पाय सडतो, माणूस कायमचा लंगडा होतो, कधी त्याहून वाईट. आणि विहिरीत पाय घालणार नाहीत. आधी सांगितलेलं बरं असतं."

त्यांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "मित्राला पाठवा."

रंग न घेताच मी परत आलो. कमलनं विचारलं तर दुकान बंद होतं म्हणालो.

येडशी, रामलिंग

येडशीचं स्टेशन ओलांडून गाडी रामलिंगच्या रानात नेली. डोंगराच्या बेचक्यात खोल दरी, तळाशी देऊळ. पावसाळ्यात इथं धबधबा कोसळतो म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा कातळावर त्याचा नुसता काळा पट्टा होता. पानगळ झालेली झाडं, मोरांचा ओरडा, आणि वानरं. वानरांना माणसाची बिलकूल भीती नाही.

तिघं दर्शनाला खाली उतरली. मी चित्र काढतो म्हणून वर थांबलो.

ती दिसेनाशी झाल्यावर मी गाडीखाली सरपटत शिरलो आणि टाकीच्या बुडाची चावी पूर्ण सोडली. पाण्याचा आवाज त्या शांततेत इतका मोठा वाटला की खाली देवळात ऐकू जाईल असं वाटून मी चावीभोवती हात धरला. मातीत खळगा झाला, त्यात पाणी साचलं. आणि वानरं आली. एक, मग पिलाला पोटाशी धरलेली मादी. खळग्याशी बसून वाकून प्यायला लागली. मी चित्राचा बोर्ड घेऊन त्यांच्या अंगावर धावलो. ती दात विचकून चार हात मागं सरायची आणि पुन्हा यायची. शेवटी मी त्या खळग्यात पायांनी माती लोटली, चपला चिखलानं भरल्या, आणि खळगा पुरता बुजेपर्यंत ओरडत राहिलो. वयाची पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस. मग चावी होती तशी आवळून ठेवली.

वसंता परत आला, टाकी रिकामी बघितली, आणि त्याचा चेहरा उतरला. ओल्या मातीत पाठ टेकून तो गाडीखाली शिरला. प्रत्येक सांध्यावरून बोटं फिरवत तो कितीतरी वेळ पडून होता.

"सांधा शाबूत दिसतोय," तो आतूनच म्हणाला. "पण पाणी गेलं म्हणजे कुठनं तरी गेलंच की. माझंच काम कच्चं, दाजी. आणि असल्या अवस्थेत तिला घेऊन मी रानात आलो."

शालन पायरीवर बसून पदरानं वारा घेत होती. तिचे ओठ सुकले होते. रेडिएटरही कोरडा पडला होता, म्हणून वसंता हंडा घेऊन स्टेशनपर्यंत पायी गेला आणि नळाचं पाणी डोक्यावरून घेऊन आला. मी त्याच्याबरोबर गेलो नाही. माझ्या चपला चिखलाच्या होत्या.

सोलापुरात पोचल्यावर त्यानं पहिल्यांदा टाकी काढून टाकली. महिन्याभरात घरही उचकटलं. तो ट्रक आता विटा वाहतो.

सांगली

प्रवासवर्णनात घरी आल्यावर काही लिहायचं नसतं. पण माझा प्रवास घरीच सुरू झाला. मी कमलच्या पायांकडं बघायला लागलो. ती पोळ्या लाटताना, झोपाळ्यावर बसल्यावर.

"अहो, काय बघताय पायाकडं?"

"काही नाही. जोडवी बदलायची का?"

"लग्नाला वीस वर्षं झाल्यावर सुचलं," ती म्हणाली आणि लाजलीसुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

न्हाणीघरात मी स्वतःच्या पोटऱ्या दाबून बघायचो. डास चावून गांधी उठली की मी धसकायचो आणि पाठोपाठ बरंही वाटायचं. मला झाला तर सुटलो, असं वाटायचं. दिवाळीच्या सुमारास शालनला मुलगा झाला, दोन्ही जीव सुखरूप. बारशाला सगळे पाळण्यात वाकून बघत होते आणि मी तिच्या लुगड्याच्या काठाखाली तिची पावलं बघत होतो. पावलं स्वच्छ होती. तेव्हापासून मी थोडा जेवू लागलो.

चैत्रात वसंता दारात उभा राहिला.

"आक्का, तुला न्यायला आलोय. शालनच्या घोट्यापाशी फोड आला, फुटला, आणि त्यातनं दोरा निघालाय. नारू. तिला उठता येत नाही, आईला एकटीला बाळ सांभाळवत नाही."

कमलच्या हातातलं भांडं खाली पडलं.

"आम्ही तर गाळल्याशिवाय पीत नाही," वसंता म्हणाला. "बारवेचं पाणी प्यालो ते त्या एकाच फेरीत, आणि तेही तिनं स्वतः फडकं बांधून. आई म्हणते, ही बाळंतपणाआधी माहेरी गेली होती तेव्हा बारवेत उतरून प्याली असणार आणि आता नाकबूल करतेय. रोज त्यावरनं घरात खडाजंगी. शालन शपथा घेते आणि रडते."

मी सुट्टीचा अर्ज टाकला आणि त्यांच्याबरोबर निघालो.

पुन्हा सोलापूर

शालन माजघरात भिंतीला टेकून बसली होती. पाय उशीवर. पाय पाहिला आणि मुरुमची ती खोली आठवली. सगळं तसंच, फक्त काडी आणि दोरा आता आमच्या घरात. माझ्या सासूबाई दाराशी धान्य निवडत होत्या.

"हिच्या माहेरची देणगी," त्या मला म्हणाल्या.

"आई, मी प्याले न्हाय," शालन म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता, हजारदा म्हटल्यासारखा.

मी उभाच होतो. बसलो असतो तर बोलणं झालं नसतं.

"ती खरं बोलतेय," मी म्हणालो. "फडकं मी सोडलं होतं. बारवेवर. पाणी न गाळता भरलं आणि फडकं परत बांधून ठेवलं. मुरुमला मला कळलं, तरी मी बोललो नाही. रामलिंगला टाकीची चावी मी सोडली. वसंताचा सांधा पक्का होता."

बाळ कमलच्या मांडीवर होतं, त्याला कमलनं एवढं घट्ट धरलं की ते रडायला लागलं.

"म्हणून चहा," ती म्हणाली. "सगळ्या वाटेनं चहा." ती माझ्याकडं नव्या माणसाकडं बघावं तशी बघत होती.

वसंतानं एकच विचारलं. "टाकीसुद्धा तुम्हीच?"

"हो."

तो उठला, चपला घातल्या आणि दुकानात गेला. आज पंधरवडा होत आला, तो माझ्याशी बोललेला नाही. ताटावर माझ्या शेजारी बसतो, आमटी पुढं सरकवतो. सासूबाई सुपातले खडे बराच वेळ वेचत राहिल्या. मग शालनजवळ जाऊन तिच्या पायाखालची उशी नीट केली.

शालन मात्र बोलली.

"मुरुमच्या पुढं मी तांब्या घेतला तुमच्या हातातनं. तवा ठावं होतं तुम्हाला?"

"होतं."

"आणि तुम्ही बघत हुता."

"हो."

"मी तहानंनं मेले नसते, दाजी. घटकाभर कळ काढली असती. पोटात पोर होतं माझ्या."

मी माफी मागितली नाही. मागितली असती तर ती देण्याचं ओझं पुन्हा तिच्यावरच पडलं असतं.

त्याच वेळी दवाखान्यातला कंपाउंडर आला. रोज सकाळी येऊन काडी फिरवायची त्याची वेळ ठरलेली, पण त्या दिवशी त्याला उशीर झाला होता आणि पुढं आणखी घरं होती. त्यानं पट्टी सोडली, काडी धरली आणि फिरवली. शालन ओरडली. दोरा ताणून काचेच्या तारेसारखा झाला होता. "थोडं जास्त काढू, लवकर सुटाल," तो म्हणाला. धाराशिवच्या डॉक्टरांचं बोलणं माझ्या कानात होतं. तुटला तर पाय सडतो. मी न विचारता त्याचा हात धरला.

"सोडा," मी म्हणालो. "तुटेल."

तो वैतागून निघून गेला. शालननं डोळे पुसले आणि पायाकडं बघत म्हणाली, "उद्यापासनं काडी तुम्ही फिरवायची."

"मी? माझा हात थरथरतोय बघ."

"थरथरू दे. त्येला भ्या न्हाय, म्हणून तो ओढतो. तुम्हाला हाय. तुम्ही ओढणार न्हाय."

तेव्हापासून मी इथंच आहे. शाळेला आता उन्हाळ्याची सुट्टी लागली आहे. सकाळी उजेड नीट आला की मी कोमट पाण्यानं ती जागा ओली करतो. ते पाणी घंगाळात धरतो आणि परसात खोल खड्ड्यात ओततो, वर माती लोटतो. मग काडी दोन बोटांत धरतो. दोरा कधी सहज येतो, कधी आतून कुणी धरून ठेवल्यासारखा अडतो. अडला की मी थांबतो. आयुष्यभर चित्रं काढली, इतक्या बारीक कामाला हात कधी लावला नव्हता. किती आत राहिलाय ते दिसत नाही. उद्या सुटेल की आणखी महिना जाईल, की मधेच तुटेल, कुणी सांगू शकत नाही.

शालन पायाकडं बघत नाही. बाळाला मांडीवर घेऊन ती सगळा वेळ माझ्या तोंडाकडं बघते.

आज सकाळी अर्धा वेढा झाला. आणखी थोडा येईल असं मला वाटलं. मी तिच्याकडं बघितलं.

"बास," ती म्हणाली. "उद्या."